घड्याळातला नांगर

दिवाळीच्या आधीची साफसफाई म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंची वार्षिक हजेरीच असते. माळ्यावरचे डबे, फुटके कंदील, कान तुटलेली घंगाळे, सगळी मंडळी एकदा अंगणात येऊन ऊन खातात, आणि टाकवत नाहीत म्हणून पुन्हा माळ्यावर जातात. आमच्या सरावलीच्या घरी या हजेरीत गेल्या वर्षी आजोबांचे ठोक्याचे घड्याळ निघाले. आठवड्यातून एकदा किल्ली द्यायची, अर्ध्या तासाला एक टोला आणि तासाला तासाइतके टोले, असे ते घड्याळ. माझ्या लहानपणी ते आमच्या घरातले सर्वांत वडीलधारे माणूस होते. त्याने नऊ वाजवले की आजोबाही निमूटपणे अंथरुणावर जात.

मी शाळेत चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवतो. सवड मिळाली की कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा यंत्रशास्त्रातले मला काही कळते असा दावा मी करणार नाही. पण हातात स्क्रूड्रायव्हर आला की माणसाला आपण शहाणे आहोत असे वाटू लागते. मी घड्याळाला किल्ली दिली. ते चालेना. मग मागचे झाकण काढले, आणि लंबक जिथे अडकवतात त्याच्या वरचा एक वाकडा पोलादी तुकडा मला संशयास्पद वाटला. सगळी चाके गोल आणि हा एकटाच वाकडा! शिवाय तो एका दातेरी चाकाच्या दातांत पाय घालून बसला होता. हाच अडवतो आहे, असे मी पुतण्याला समजावून सांगितले आणि तो तुकडा काढला.

पुढे जे झाले ते सांगायला मला अजून लाज वाटते. घड्याळ चालू लागले, नव्हे, सुटलेच. भर्रकन आवाज करीत सगळी चाके फिरू लागली आणि काटे एकामागोमाग एक तास गिळत सुटले. दिवाळी आली, गेली, आठवडा संपला, आणि कमान पूर्ण उलगडून घड्याळ गप्प झाले. आठ दिवसांचा काळ आमच्या डोळ्यांदेखत पाहता पाहता उडाला. पुतण्या टाळ्या पिटून म्हणाला, "काका, परत करा ना!" आमच्या सौभाग्यवती तेवढ्या म्हणाल्या, "अहो, ते दुरुस्त करीत होतात ना?"

दुसऱ्या दिवशी ते घड्याळ धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून मी डहाणूला एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे नेले. त्याने भिंग डोळ्याला लावले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, याच्यात बिघाड नव्हता. नुसते तेल सुकले होते. तुम्ही जे काढलेत, तेच घड्याळ होते. बाकीचा सगळा पसारा."

मी विचारले, "आणि ही टिक् टिक्?"

"तो घड्याळ चालल्याचा आवाज नाही, अडल्याचा आवाज आहे. चाक त्या तुकड्यावर आपटते ना, तो."

त्या दिवसापासून मी त्या आवाजाकडे निराळ्या कानाने ऐकतो आहे. चाळीस वर्षे मी समजत होतो की टिक् टिक् म्हणजे काळाच्या पावलांचा आवाज. ते पाऊल उचलल्याचे नसून अडल्याचे आहे, हे मला कुणी सांगितले नव्हते.

आपल्याकडे पूर्वी लग्नमुहूर्तासाठी घटिकापात्र असे. तळाला बारीक भोक असलेली ती वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची; चोवीस मिनिटांत ती भरून बुडाली की एक घटका झाली. अशा साठ घटकांचा एक दिवस. वाळूचे घड्याळही त्याच जातीचे. ही घड्याळे काळाला वाहू देत आणि किती वाहिले ते मोजत. सुमारे सातशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुणा कारागिरांना निराळीच युक्ती सुचली. त्यांनी वाहणे सोडून दिले आणि अडवणे धरले. वजन खाली येऊ पाहते, त्याला अडवा, क्षणभराने सोडा, पुन्हा अडवा, आणि किती वेळा अडवले ते मोजा. १६५६ मध्ये हॉलंडच्या ह्युजेन्सने या युक्तीला लंबकाची जोड दिली आणि घड्याळाची रोजची चूक काही मिनिटांवरून काही सेकंदांवर आली. मुंबईच्या राजाबाई टॉवरपासून आमच्या माळ्यावरच्या घड्याळापर्यंत सगळ्यांचे कुळ ते.

पण घड्याळजीने मला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि हा सगळा लेख त्या गोष्टीसाठी आहे. तो वाकडा तुकडा चाकाचा दाता अडवतो हे खरे. पण दाता सोडताना काय होते? सुटता सुटता दाता त्या तुकड्याच्या उतरत्या कडेला हलकासा धक्का देतो. तो धक्का लंबकाला पोचतो, आणि हवेच्या व धातूच्या घर्षणाने त्याचा जेवढा जोर कमी झालेला असतो तेवढा भरून निघतो. म्हणून लंबक आठ आठ दिवस झुलत राहतो. म्हणजे अडवणारा तुकडा नुसता अडवत नाही. प्रत्येक वेळी तो वेळेवर सोडतो, आणि सोडताना पुढच्या झोक्याची शिदोरी देतो. नुसता अडवणारा असता तर घड्याळ बंद पडले असते. नुसता सोडणारा असता तर माझ्या टेबलावर झाले तसे झाले असते.

त्याच घड्याळात अडवणारी आणखी एक वस्तू असते, तिची प्रकृती अगदी वेगळी. किल्ली देताना कट् कट् असा जो आवाज येतो तो तिचा. कमानीच्या दांड्यावर एक दातेरी चाक असते आणि त्याच्या दातांत एक लहानशी खिटी टेकलेली असते. चाक पुढे फिरले तर खिटी उचलली जाते. मागे फिरू लागले तर ती दातात रुतून बसते. आपण दमून किल्ली सोडली तरी गुंडाळलेली कमान उलगडत नाही, ती तिच्यामुळे. ही खिटी घसरली तर किल्ली उलटी फिरून बोटे सोलवटून काढते. ओझे वर ओढायच्या प्रत्येक चांगल्या यंत्रात अशी खिटी असते. तिचे काम एकच: माणसाने घाम गाळून जे मिळवले, ते त्याच्या विश्रांतीच्या क्षणी हातातून निसटू न देणे. तिच्याइतकी मायाळू वस्तू यंत्रात दुसरी नसेल.

मायाळू म्हणतो खरा, पण लगेच जीभ अडखळते. कारण मी राहतो त्या डहाणू-तलासरीच्या मुलखाने ही खिटी उलट्या बाजूनेही पाहिली आहे. इथल्या वारली माणसाने लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यावेत आणि त्या बदल्यात बायकोसह त्याच्या घरी राबावे, अशी रीत होती. तिला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज फिटायला हवे, पण ते फिटत नसे. व्याजाचे चाक दरसाल एक दाता पुढे जाई आणि खिटी त्याला मागे येऊ देत नसे. माणूस राबला तरी चाक तिथेच, आजारी पडला की एक दाता पुढे, मूल झाले की एक दाता पुढे. यंत्र तेच होते, दाते तेच होते. फक्त ओझ्याच्या जागी माणूस बांधलेला होता. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी इथल्या वारल्यांना संघटित केले. त्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले, आणि वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही असे बोलू लागले. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळे लिहून ठेवले आहे. सबंध देशापुरता वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा व्हायला मात्र १९७६ साल उजाडले.

कायदा म्हणजे तरी काय? तीही एक खिटीच. माणसांनी जीव देऊन जे चाक पुढे ढकलले ते पुन्हा मागे फिरू नये म्हणून दातात टेकवलेली. तेव्हा खिटी चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न असा विचारावा, की ही खिटी कोणाचा घाम राखते, आणि चाकाला बांधले आहे ते काय: ओझे, की माणूस?

आता कोणी म्हणेल, गुरुजी, तुमचा तो सोडणारा आणि धक्का देणारा तुकडा छान आहे. पण सगळेच अडसर असे दयाळू झाले तर घरादाराचे काय होईल? शंका रास्त आहे. कुलूप घ्या. चांगल्या कुलपाच्या पोटात पितळेच्या पट्ट्या असतात आणि किल्लीने त्यातली प्रत्येक पट्टी अगदी ठरल्या उंचीवर उचलली जावी लागते. कमी उचलली तर कुलूप उघडत नाही. जास्त उचलली तरीही उघडत नाही, ही सुधारणा १७७८ मध्ये रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रजाने केली. अति उत्साहालाही दार बंद ठेवणारा हा गृहस्थ मला शिक्षक म्हणून फार जवळचा वाटतो. कुलपाला रडे कळत नाही, हसू कळत नाही, ओळखदेख कळत नाही. कळू लागले तर ते कुलूपच राहणार नाही.

मुंबईत अर्देशर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच घराण्याच्या विक्रोळीच्या कारखान्याने १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक मतपेट्या केल्या, ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. बाहेरून वेगळे कुलूप लावायचे तर पेटीची किंमत परवडणार नव्हती. म्हणून बंद होण्याची अटकण पेटीच्या अंगातच बसवली गेली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, कारण मतदारांतल्या बहुसंख्य लोकांना लिहितावाचता येत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी ज्यांचे मत विचारले होते, अशा कोट्यवधी माणसांच्या चिठ्ठ्या त्या लोखंडी खटक्याच्या भरवशावर गावोगावहून निघाल्या. तो खटका कुणाच्याही रदबदलीने उघडला असता तर? तिथे मला दयाळू अडसर नको. तिथे बहिराच हवा.

बहिऱ्या अडसराशी माझी पहिली ओळख मात्र रेल्वेत झाली. माझे एक मामा केबिनमध्ये होते. त्या काळी पुष्कळ स्टेशनांवर उंच केबिन असे आणि आत माणसाच्या छातीइतक्या उंच लोखंडी दांड्यांची रांग. एक दांडा ओढला की दूरवर रूळ सरके, दुसरा ओढला की सिग्नलचा हात पडे. आता हे काम बहुतेक ठिकाणी वीज आणि संगणक करतात. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. मामांनी एक दांडा दाखवून म्हटले, "ओढ बघू." मी लोंबकळलो, पाय टेकून ताण दिला, रडकुंडीला आलो. दांडा तसूभर हलला नाही. मामा हसून म्हणाले, "पोरा, मी ओढला तरी नाही येणार. स्टेशनमास्तरने ओढला तरी नाही. रूळ बरोबर बसून तो पलीकडचा दांडा जागेवर पडल्याशिवाय हा सुटतच नाही." दांड्यांच्या खाली लोखंडी पट्ट्यांची अशी गुंफण असते, की एकाच रुळावर दोन गाड्यांना वाट देणे माणसाला करायचे म्हटले तरी करता येऊ नये. इंग्लंडात जॉन सॅक्सबीने १८५६ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

ही गुंफण सक्तीची व्हायला मात्र एक दुःख घडावे लागले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाहून रविवारच्या शाळेतली मुले आणि त्यांची मोठी माणसे घेऊन सहलीची गाडी निघाली. चढावर इंजिनाला ओझे ओढवेना, म्हणून मागचे डबे सोडले. त्यांना थोपवायला हाताचा ब्रेक आणि चाकांखाली सरकवलेले दगड. पुढच्या भागाचा किंचित धक्का लागला, दगड चुरडले गेले, आणि डबे उतारावरून मागे धावत येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी जीव गेले. त्याच वर्षी तिथे कायदा झाला, की उतारूंच्या गाडीचा ब्रेक असा हवा जो नळी तुटली तर आपोआप लागेल. म्हणजे थांबणे ही गाडीची मूळ वृत्ती, आणि चालणे ही क्षणाक्षणाला मिळवायची परवानगी. २०१३ पासून डहाणूला येणाऱ्या लोकलमध्येही मोटरमनचा हात मुठीवर दाबलेला असतो. तो हात सुटला, तर गाडी आपण होऊन थांबते. सहलीला मुले नेणाऱ्या शिक्षकाला याहून मोठा दिलासा कोणता?

तेव्हा अडसर बहिरा असावा, असे मीही मानत होतो. फार ठाम मानत होतो. आता जे सांगतो आहे ते दिवाळीच्या अंकात सांगावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथे फाटकाचे काम माझ्याकडे होते. अकराला घंटा, घंटा झाली की कडी. नियम चांगला होता. मुले वेळेवर येऊ लागली होती, आणि मला माझ्या कडीचा अभिमान वाटू लागला होता. सहावीत एक मुलगी होती, दूरच्या पाड्यावरून चालत येणारी. वारली चित्रे सगळीच मुले काढतात. पण ही तारप्याभोवतीचा नाच काढायची तो फिरताना दिसायचा. श्रावणातले दिवस होते. वाटेतल्या ओहोळाला पाणी आले की ते उतरेपर्यंत तिला पलीकडे थांबावे लागे. एके दिवशी ती पाच-सात मिनिटे उशिरा आली. मी कडी काढली नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला ती फाटकाबाहेर काही न बोलता उभी राहिली. दप्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. तिने विनवणी केली असती तर मी कदाचित विरघळलो असतो. तिने केली नाही. मी म्हणालो, "उद्या वेळेवर ये." ती वळून गेली.

उद्या ती आली नाही. पुढेही आली नाही. महिन्याभराने मी पाड्यावर गेलो तेव्हा तिची आजी म्हणाली, "रोज जाऊन परतच यायचे, तर जाते कशाला गुरुजी?" दिवाळीनंतर ते घर वीटभट्टीवर गेले, इकडचे पुष्कळ लोक जातात तसे. मला कुणी दोष दिला नाही. नियम शाळेचा होता. पण कडीवरचा हात माझा होता.

त्या म्हाताऱ्या घड्याळजीने तो वाकडा तुकडा चिमट्यात धरून दाखवला, तेव्हा मला ती मुलगी आठवली. मी फाटकावर रेल्वेचा दांडा बसवला होता. तिथे हवा होता घड्याळाचा तुकडा.

फरक कसा ओळखावा? माझ्या मॅट्रिकच्या बुद्धीला सुचते ते असे. जिथे अडसर सैल पडला तर त्याचे मोल तिसऱ्याच कुणा बेसावध माणसाला जिवाने किंवा हक्काने भरावे लागणार, तिथे तो बहिरा असावा. रूळ, मतपेटी, औषधांचे कपाट. तिथे दया दाखवणारा दुसऱ्याच्या पदरचे दान करीत असतो. पण जिथे अडसर अडवलेल्याच्याच भल्यासाठी आहे, शाळेत, घरात, मुलांना लावलेल्या शिस्तीत, तिथे त्याला सुटणे आले पाहिजे. आणि सुटताना त्याने काही दिले पाहिजे. पाच मिनिटे उशीर झालेल्या मुलीने दुसऱ्या कुणाचे काय हिरावले होते? काहीच नाही. मी तिला अडवले खरे, पण पुढच्या झोक्याची शिदोरी दिली नाही. मग लंबक थांबला, यात नवल ते काय?

सध्याच्या शाळेत फाटक अकरालाच बंद होते. पण मोठ्या फाटकाला जुन्या वाड्यांसारखी एक दिंडी ठेवायला मी मुख्याध्यापकांना राजी केले आहे. उशिरा येणाऱ्याने दिंडीतून यावे, वहीत कारण लिहावे, आणि जाताना त्या दिवशी चुकलेला भाग माझ्याकडून समजून घेऊन जावे. काही मुले याचा फायदा घेतात, हे मला माहीत आहे. वहीत ओहोळाला पूर येतो तो कधी कधी ऐन उन्हाळ्यातही येतो! मी रागावतो, आणि दिंडी उघडी ठेवतो. ती पहिली मुलगी काही यामुळे परत येणार नाही.

निघताना मी घड्याळजीला त्या तुकड्याचे नाव विचारले होते. तो म्हणाला, "विलायती पुस्तकात त्याला जहाजाच्या नांगराचे नाव आहे. आकार बघा ना." खरेच, दोन्हीकडे वाकलेले दोन हात, हुबेहूब नांगर. डहाणूच्या खाडीत होड्या टाकतात तसला. परत येताना वाटेत भातकापणी चालली होती, आणि मला एकदम गंमत वाटली. विलायतेत होडी थांबवणाऱ्या लोखंडाचे नाव वेगळे आणि शेत उकरणाऱ्या अवजाराचे वेगळे. आमच्या मराठीत दोन्ही नांगरच. एक पाण्यात उतरून होडीला वाहून जाऊ देत नाही. दुसरा मातीत उतरून बियाला वाट करून देतो. हे नाव देणाऱ्यांना घड्याळ ठाऊक नव्हते. त्यांना फक्त इतके ठाऊक होते, की दोन्हीही खोल रुततात.

घड्याळ आता ओटीवर आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी किल्ली द्यायचा मान पुतण्याला दिला. कट् कट् करीत त्याने ती फिरवली, लंबकाला बोट लावले, आणि कान देऊन उभा राहिला.

"काका, चालले!"

"चालले नव्हे रे, अडले," मी म्हणालो. "ऐक. आणि आता सुटले."

बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. तिच्यात अडवणारे काही नव्हते. क्षणात सगळी संपली, आणि पुन्हा ओटीवरचा तो आवाज ऐकू येऊ लागला.